अपेक्षा : पुणे-मुंबई



या चातुर्मासात आमच्या स्थानकात महासतीजी श्रावकाची बारा व्रतं एकेक करून समजावत आहेत. मागच्या आठवड्यात सहावं आलं, दिशा परिमाण व्रत. कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत जायचं हे आधीच ठरवून घ्यायचं आणि त्यापलीकडे धंद्यासाठी, कामासाठी पाऊल टाकायचं नाही. एरवी मी वही काढून लिहून घेते. त्या दिवशी निम्मं लक्ष पिशवीतल्या बंद फोनकडे होतं. सकाळीच धुळ्याहून भाभीने विचारलं होतं, "ताई, पुण्यात एक फ्लॅट घेऊन टाकू का? राहायला नाही हो. बायोडेटात लिहायला."

भाभी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. तिचा मुलगा, माझा भाचा, तेहतीस वर्षांचा झाला. बी.कॉम. आहे, भुसार आणि सरकी ढेपेचं दुकान नीट सांभाळतो, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, आईला दर रविवारी स्वतः स्थानकात सोडतो. पाच वर्षांपासून स्थळं बघतो आहोत. मुलगा पसंत पडतो, घर पसंत पडतं. गाव पसंत पडत नाही.

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. दोन्ही गावांत अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. लहानपणी आम्हाला धुळ्याचा केवढा अभिमान! बाकीच्या गावांत गल्ल्यांना नावं असतात, आमच्याकडे नंबर. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. मला वाटायचं, हे मोठ्या शहराचं लक्षण आहे. पाचकंदीलपासून आग्रा रोडने चालत गेलं की जगातलं सगळं दिसलं असं वाटायचं. शाळेत बाई सांगायच्या, इतिहासाचार्य राजवाडे शेवटी आपल्या धुळ्यात राहिले, इथेच १९२६ मध्ये गेले, त्यांचे कागद संशोधन मंडळात आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, तेच 'गीता प्रवचने' पुस्तक. किती भाषांत गेलं ते! पुस्तक जगभर गेलं आणि धुळ्याला मात्र लोक अजून "म्हणजे नेमकं कुठे?" असं विचारतात.

लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "तुझं काय बाई, मेन लाईनवर चाललीस." ही मेन लाईनची मात खरी होती. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी धुळ्याला खानदेशाचं मुख्य ठाणं केलं, कॅप्टन ब्रिग्जने पेठ वसवली, सगळ्या खानदेशाची कचेरी धुळ्यात. पण पुढे मुंबईहून निघालेली रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी गेली. धुळ्याला १९०० साली चाळीसगावहून एक फाटा मिळाला, तेवढाच. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पूर्व आणि पश्चिम, आणि जळगावला आपली वेगळी कचेरी मिळाली. मनमाड-धुळे-इंदूर लाईन होणार, हे मी माहेरी असल्यापासून ऐकते आहे. केंद्राची मंजुरी आली सप्टेंबर २०२४ मध्ये. ३०९ किलोमीटर, अठरा हजार कोटी. भाचा म्हणाला, "भुवा, गाडी येईपर्यंत मी घोड्यावर बसलो तर बरं."

त्याआधीचं मोठं शहर तर दोन्हीपैकी एकही नाही. ते बऱ्हाणपूर. फारुकी सुलतानांची राजधानी, मग मोगलांच्या खानदेश सुभ्याची. सुरतेच्या बंदरातून निघालेला माल नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा आपल्या अंगणातून बऱ्हाणपूरला जायचा. आज बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. पण रावेरचा केळीवाला शेतकरी आजही सकाळी बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला ते विचारतो. राजधानी गेली, सुभा गेला, भाव राहिला.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, म्हणून मला शहराचा मोठेपणा मॉलवरून कळत नाही. भाव कोण ठरवतो ते मी बघते. सासऱ्यांच्या वेळी कापसाचा धंदा होता. कापूस इथला, जिनिंग इथलं, मजूर इथले, पण दुपारी फोनजवळ बसायचं ते मुंबईचा ट्रंक कॉल यायला. मुंबईने दोन रुपये कमी सांगितले की आमच्या ओट्यावर बसलेल्या शेतकऱ्याचा चेहरा उतरायचा. त्याने मुंबई पाहिलेली नसायची.

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. टीव्हीवर रोज "जळगाव सराफ बाजारात आज" अशी पट्टी येते आणि उगीच छाती फुगते. पण तो भावही आधी लंडन-मुंबईहून निघतो, मग आमच्याकडे येतो. बहिणाबाईंचंच बघा ना. आसोद्याची लेक, जळगावात नांदली, गाणी जात्यावर आणि शेतात झाली. सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी वाखाणली, १९५२ मध्ये पुस्तक आलं, तेव्हा महाराष्ट्राला कळलं. तोपर्यंत बहिणाबाई गेल्या होत्या. खानदेशाचं सोनं असो की कविता, कस लावायला मुंबई.

माझ्या डिग्रीचंही तेच. १९८१ ला धुळ्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले, पण शिक्का पुणे विद्यापीठाचा. पुणे मी पहिल्यांदा पाहिलं त्यानंतर नऊ वर्षांनी, नणंदेच्या दिराच्या लग्नात! १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आता त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. तेव्हापासून धुळ्याच्या पोरांची मार्कशीट जळगावहून जाते, म्हणजे त्यांच्यासाठी आम्ही पुणे झालो. दादाला हे अजून खटकतं. कोर्टाचं काम खंडपीठात संभाजीनगरला, कमिशनर नाशिकला, मंत्रालय मुंबईला, साड्या सुरतेच्या, शेव इंदूरची. खानदेशी माणूस सगळ्यांचा थोडा थोडा आहे. (वांग्याच्या भरताचं नाव घेतलं नाही म्हणून रागावू नका. आमच्या घरी बहुबीज म्हणून वांगं येत नाही, त्यामुळे जळगावच्या निम्म्या कीर्तीला मी मुकले आहे.)

सुरतेबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण ती आपल्याकडच्या गरिबांची मुंबई आहे. उधना, लिंबायत भागात रिक्षा थांबवून अहिराणीत विचारा, अहिराणीत उत्तर येतं. तापी काठच्या रेल्वेने माणसं गेली, लूमवर लागली, तिथेच घरं केली. आज तिकडचे एक खासदार मूळचे आमच्या जळगाव जिल्ह्यातले आहेत. आमच्या समाजातले लोकही गेले, ते कपडा मार्केटमध्ये. त्यांच्या मुलांची लग्नं चटकन होतात. तो मुद्दा पुढे येतोच.

दोन उदाहरणं माझ्या मनात कायम शेजारी शेजारी असतात. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो. कारखाना अमळनेरलाच, पण कंपनी मोठी झाली ती बंगळूरला. अमळनेरच्या ज्या घरांनी जुने शेअर्स धरून ठेवले ती कोट्यधीश झाली. (आमच्या वडिलांनी घेतले नव्हते. हा विषय आमच्या माहेरी काढत नाहीत.) आणि दुसरे वाकोदचे भवरलालजी जैन. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी होत होती ती सोडली, १९६३ मध्ये सात हजार रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली, पुढे पाइप, पुढे ठिबक. ठिबक जगभर गेलं, पण मुख्य ठाणं जळगावच ठेवलं, आणि २०१२ मध्ये गांधीतीर्थही इथेच उभं केलं. एका गावाला शेअर्स मिळाले, दुसऱ्या गावाला पगार मिळाले. अर्थशास्त्राच्या सरांनी मला विचारलं असतं की यातलं गावाला फायद्याचं कोणतं, तर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं असतं. लग्नाच्या बाजारात मात्र एकच उत्तर आहे. मुलगा बंगळूरला पाहिजे.

आमच्या समाजाच्या परिचय मेळाव्यात मी नोंदणीच्या टेबलावर बसते. हिशोबाची खोड, म्हणून मुलींचे बायोडेटा आले की वहीत टिपून ठेवते. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे ४३ आले. 'अपेक्षा' या रकान्यात पुणे-मुंबई लिहिलेले ३१. बंगळूर, हैदराबाद किंवा परदेश ५. सुरत, इंदूर, नाशिक चालेल म्हणणारे ४, त्यातल्या एकीने "जळगाव असल्यास विचार करू" असं लिहिलं होतं, तेव्हा आम्ही टेबलावरच्या चौघीजणी खूश झालो. गावाची अट नाही म्हणणाऱ्या ३, त्यात दोघींचा पुनर्विवाह. धुळे नावाने कुठेच नाही.

मुलींची आई म्हणून मी हे समजू शकते. खोटं कशाला बोलू. आमच्या मुलीसाठी २०११ मध्ये धुळ्याचंच एक स्थळ आलं होतं. मुलगा सी.ए., स्वतःची प्रॅक्टिस, घर ओळखीचं, दादाने स्वतः सुचवलेलं. ह्यांना पटलं होतं. मी नाही म्हटलं. कारण काय दिलं, तर पत्रिका. आमच्यात पत्रिका किती बघतात ते तुम्हाला माहीत आहे! खरं कारण असं की मुलीला पुण्यात नोकरी लागली होती आणि मला वाटलं, धुळ्यात जाऊन ती काय करेल? माझ्यासारखी दुकानाची रोजकीर्द लिहील? दादाला पत्रिकेचं खोटं कळलं असणार, तो काही बोलला नाही. त्या सी.ए.चं लग्न पुढे झालं, छान चाललं आहे. आमची मुलगीही पुण्यात सुखात आहे.

भाच्याचं जमेना तेव्हा एकदा मी तिच्यापाशी बोलले, "आजकालच्या मुलींना गाव नको." ती शांतपणे म्हणाली, "मम्मी, तू बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं हिशोब लिहिलास. पार्टनरशिप डीडमध्ये तुझं नाव आहे का?" नाही. डीडमध्ये ह्यांचं आणि दिरांचं नाव आहे. मला वाटत होतं मुलींना मॉल आणि कॅफे हवेत. काहींना हवेही असतील. पण बऱ्याच जणींना पुण्यात जे हवं आहे ते म्हणजे महिन्याच्या एक तारखेला स्वतःच्या नावावर येणारा पगार, आणि संध्याकाळी सहाला डोक्यावर पदर घेऊन कोणी आलं का ते न बघणं. ते पुण्यातच मिळतं असं नाही. पण धुळ्यात मिळेल असं आम्ही कधी बायोडेटात लिहिलं नाही.

आता बाईंचं सांगते. सासूबाईंना आम्ही बाई म्हणायचो. त्यांनी दिशा परिमाण व्रत घेतलं होतं. पूर्वेला नागपूर, पश्चिमेला सुरत, उत्तरेला इंदूर, दक्षिणेला पुणे. फक्त धर्मकार्याचा आगार. मद्रासला सख्ख्या भाच्याचं लग्न होतं, तरी गेल्या नाहीत. सासरे चेष्टेत म्हणायचे, "अगं, नागपूरच्या बाजूला तू कधी जात नाहीस. तिकडचे शंभर कोस कापून मद्रासच्या बाजूला लाव." बाई गंभीरपणे सांगायच्या की हाच त्या व्रताचा अतिचार आहे. एका दिशेचं कमी करून दुसऱ्या दिशेला वाढवणं, क्षेत्रवृद्धी. मला नवीन सुनेला गंमत वाटली होती की आपल्या शास्त्रकारांना समायोजनेची नोंद माहीत होती. महासतीजींनी परवा हाच अतिचार समजावला आणि मला बाई आठवल्या. आणि भाभीचा फ्लॅट.

घरी येऊन मी हिशोब मांडला. पुण्यात बाहेरच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट ७० लाख. धुळ्याचा प्लॉट विकून १५ उभे राहतील. ५५ लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता साधारण ४८ हजार. भाडं आलं तर २० हजार. म्हणजे दर महिन्याला २८ हजार दुकानातून जाणार, आणि दुकान म्हणजे ढेपेच्या पोत्यामागे किती सुटतं ते दादालाच विचारा. शिवाय जी मुलगी फ्लॅट बघून येईल तिला त्या फ्लॅटमध्ये राहायचं असेल. तिला आणून धुळ्याच्या गल्लीत उतरवायचं आणि सांगायचं की तो भाड्याने दिलाय? मग भाच्याला दुकान बंद करून पुण्यात जावं लागेल, आणि तिथे तो तेहतीसाव्या वर्षी कोणाच्या तरी दुकानात नोकर होईल. आमच्या ओळखीत अशी दोन घरं झाली आहेत. एकाचा फ्लॅट आणि मुलगा दोन्ही अजून रिकामे आहेत.

संध्याकाळी मी भाभीला फोन केला आणि आकडे सांगितले. इथवर ठीक होतं. पुढे मी म्हणाले, "बायोडेटात पहिल्याच ओळीत धुळे लिही, मोठ्या अक्षरात. आणि खाली लिही की सून दुकानात पार्टनर होईल, डीडमध्ये नावासह. किंवा तिला घरून स्वतःचं काम करायचं असेल तर वरचा मजला तिचा. आणि मुलगा स्वतः चहा-नाश्ता करतो हेही लिही, करतो ना तो."

भाभी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "ताई, तुमच्या मुलीच्या वेळी धुळ्याच्या मुलाने असं लिहिलं असतं तर तुम्ही दिली असती?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. पण खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं, आणि भाभीला ते माझ्या थांबण्यावरून कळलं. मग मी पत्रिकेचं खरं सांगून टाकलं, चौदा वर्षांनी. ती म्हणाली, "ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं," आणि फोन ठेवला.

या गोष्टीला अकरा दिवस झाले. मधे एकदा भाच्याचा मेसेज आला. पार्टनरशिपचा मसुदा करायला काय काय लागतं, स्टँप किती रुपयांचा, असं विचारत होता. आईला सांगू नका म्हणाला. मी ह्यांच्या कपाटातून आमचं जुनं डीड काढून त्याचे फोटो पाठवले. काढलंच आहे तर ह्यांच्यासमोर टेबलावर ठेवून दिलं. ह्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "हे कशाला काढलंस?" मी म्हटलं, संवत्सरी झाली की बोलू.

भाभीचा फोन अजून नाही. खमतखामणाला मी दरवर्षी फोनच करते, यंदा एसटीने जाईन म्हणते. एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, अडीच तासांचा रस्ता आहे. दादालाही भेटायचं आहे.